खाऱ्या वाऱ्यातली रेसगाडी

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होऊन महिना-दीड महिना झाला की गोव्यातल्या सड्यांचा, म्हणजे जांभ्याच्या पठारांचा, रंग पालटतो. पावसात जांभ्यावर धरलेलं शेवाळ वाळून काळं पडतं, गवत पिवळं होतं, आणि कच्च्या रस्त्यावरून गाडी गेली की तांबड्या धुळीचा पट्टा मागे बराच वेळ तरंगत राहतो. मोटरस्पोर्टची हौस असलेल्यांना याच दिवसांत गाडीखाली शिरायची घाई होते. फोंडा, म्हापसा, डिचोलीकडच्या गॅरेजांत चारचौघं जमली की कोणीतरी हमखास विचारतं, "यात पडायचं तर पैसे किती लागतात?"

पैसे किती हे गाडीवर कमी आणि खेळाच्या प्रकारावर जास्त ठरतं. गोव्यात मोटारींच्या शर्यतीचं कायमचं सर्किट नाही. कोईमतूरचं करी मोटर स्पीडवे पणजीहून आठशे किलोमीटरच्या आसपास, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई नऊशेच्या आसपास. रेसगाडी ट्रकवर चढवून तिथे न्यायची आणि परत आणायची, तर शर्यतीआधीच खिसा निम्मा रिकामा होतो. पण सर्किट म्हणजेच रेसिंग हे डोक्यातून काढलं की परवडणारे तीन-चार रस्ते दिसू लागतात. त्यातला एक तर घरच्या रोजच्या गाडीनेही चालता येतो.

त्याआधी एक गोष्ट रोखठोक. पहाटे पाच वाजता रिकामा असलेला महामार्ग म्हणजे सर्किट नव्हे, आणि चोर्ल्याचा घाट म्हणजे रॅलीची स्टेज, म्हणजे शर्यतीसाठी बंद केलेला टप्पा, नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वेगाची स्पर्धा करणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. ती राहू द्या बाजूला. त्या रस्त्याने दूधवाला येतो, कदंबची पहिली बस येते, वळणावर गुरं बसलेली असतात. खेळ आवडत असेल तर तो बंद रस्त्यावर, मार्शल (सुरक्षा बघणारे स्वयंसेवक) आणि रुग्णवाहिका हजर असताना खेळायचा. यात तडजोड करणाऱ्याला गाडीला हात लावायलाही मदत करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पर्धेत उतरायचं सगळ्यात स्वस्त दार टीएसडी रॅलीचं. टाइम, स्पीड, डिस्टन्स. इथे वेगाला बक्षीस नाही, अचूकपणाला आहे. आयोजक रोडबुक देतात. त्यात वळणांची छोटी चित्रं, त्यांच्यामधली अंतरं आणि प्रत्येक टप्प्यासाठी ठरलेली सरासरी असते. वाटेत कुठेतरी न सांगितलेल्या जागी घड्याळ लावून माणसं बसलेली असतात. तुम्ही उशिरा पोचलात तर दंड, लवकर पोचलात तरी दंड, आणि बऱ्याच स्पर्धांत लवकर आल्याचा दंड जास्त. गाडी रोजचीच चालते. मारुती ८०० घेऊन आलेली जोडी महागड्या एसयूव्हीच्या पुढे राहू शकते, कारण निकाल शेजारच्या सीटवर बसलेल्या नॅव्हिगेटरच्या वहीत लागतो.

ती वही कशी चालते ते बघण्यासारखं आहे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर, म्हणजे किलोमीटरला १०० सेकंद. ताशी ३० ला किलोमीटरमागे १२० सेकंद, ४० ला ९०, ४५ ला ८०, ४८ ला ७५. ३६०० ला सरासरीने भागायचं, एवढंच गणित. घरीच २० पासून ६० पर्यंतच्या प्रत्येक सरासरीचा तक्ता करून प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला की हलत्या गाडीत भागाकार करावा लागत नाही. खरी मेख अंतरात असते. तुमच्या गाडीचा मीटर आणि आयोजकांच्या गाडीचा मीटर सारखं अंतर दाखवत नाहीत. म्हणून सुरुवातीला एक मोजलेला पट्टा दिलेला असतो. समजा रोडबुकात तो १२.०० किलोमीटर आहे आणि तुमच्या मीटरवर १२.३६ आले. १२.३६ ला १२ ने भागलं की १.०३. आता रोडबुकातलं प्रत्येक अंतर १.०३ ने गुणायचं, मग ते तुमच्या मीटरच्या भाषेत येतं. हे केलं नाही तर २० किलोमीटरनंतर तुम्ही ६०० मीटर चुकलेले असता, आणि ताशी ३६ च्या सरासरीला ६०० मीटर म्हणजे अख्खं एक मिनिट. दंड सेकंदावर मोजला जात असताना मिनिट म्हणजे स्पर्धा संपल्यासारखीच.

मोजणीच्या पट्ट्यावर जाताना टायर गरम झालेले असावेत आणि हवा दिवसभर ठेवणार तेवढीच असावी. हवा कमी-जास्त झाली की चाकाचा घेर बदलतो, घेर बदलला की मीटर बदलतो. नॅव्हिगेटरला गाडी लागत नाही ना हेही आधी तपासा. खाली मान घालून वाचत वाचत अनमोडचा घाट चढून बघितला की दहा मिनिटांत कळतं.

दुसरं दार कार्टिंगचं, म्हणजे छोट्या उघड्या रेसगाडीचं. भाड्याचा कार्ट ही करमणूक समजून लोक एकमेकांना ठोकत फिरतात, पण तीच दहा मिनिटं शिकायला वापरता येतात. कार्टच्या मागच्या दोन चाकांना एकच सलग दांडा असतो, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नसतं. वळणावर आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं नाही तर कार्ट वळायला तयार होत नाही, नुसता घासत पुढे जातो. म्हणून ब्रेक सरळ रेषेत मारायचा, स्टिअरिंग एकदाच पण ठाम वळवायचं, आणि वळणाच्या आतल्या टोकाला लागेपर्यंत पुन्हा ॲक्सिलरेटरवर यायचं. टायर किंचाळत असतील तर तुम्ही हळू होताय. आवाज म्हणजे वाया गेलेला वेग. अर्पोऱ्याच्या कार्ट ट्रॅकवर जाऊन गर्दी नसलेल्या दिवशी सलग दोन फेऱ्यांची तिकिटं घ्या, पहिल्या फेरीत एकाच वळणावर लक्ष ठेवा, दुसऱ्या फेरीत वेळ बघा. त्याहून गंभीरपणे करायचं तर कोल्हापूर जवळ आहे. तिथला मोहितेंचा ट्रॅक अनेकांची पहिली पायरी ठरला आहे. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक ही रेसरांची नावं त्याच शहरातून पुढे गेली.

तिसऱ्या दाराला पैसे लागतच नाहीत. मार्शल व्हा. स्पर्धा घेणाऱ्या क्लबांना माणसं नेहमीच कमी पडतात. एक दिवस उन्हात उभं राहिलं की झेंडे पाठ होतात. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे शर्यत थांबली. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्ता घसरडा. काळ्यावर नारिंगी गोल म्हणजे तुमच्याच गाडीत बिघाड आहे, आत या. शिवाय कुठल्या वळणावर कोणती गाडी का फिरते हे वीस वेळा डोळ्यांसमोर घडतं. चालकाच्या सीटवरून ते एकदाच दिसतं, तेही चुकल्यावर.

यानंतर ऑटोक्रॉस. मैदानावर किंवा पठारावर शंकू लावून आखलेला मार्ग, गाडी एकटी सुटते, घड्याळाशी स्पर्धा. शंकू पाडला की सेकंद वाढतात, मार्ग चुकला की फेरी बाद. दुसऱ्या गाडीवर आदळायची भीती नाही, वेगही बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधलाच. म्हणून थोड्या पैशात खरीखुरी रेसिंग करायची तर हाच प्रकार. यासाठी मात्र वेगळी जुनी गाडी घ्यावी. रोजच्या गाडीने सोमवारी कामावर जायचं असतं. आणि विम्याच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असं एक कलम असतं. त्यात संघटित शर्यत, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल सगळं वगळलेलं असतं. स्पर्धेत गाडी ठोकली तर विमा नाही, हे धरूनच चालायचं. ज्या गाडीचं पूर्ण नुकसान सोसवेल, तीच गाडी शंकूंमध्ये न्यावी.

गाडी कोणती, याचं उत्तर कंटाळवाणं असलं तरी बरोबर आहे. जुनी मारुती. ८०० चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. झेनला ९९३ सीसीचं इंजिन. इस्टीमला १.३ लिटरचं, आणि देशातल्या रॅली-रेसिंगमध्ये इस्टीमइतकी राबलेली गाडी दुसरी सापडणं कठीण. एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकात ८०० चंच इंजिन घालून सिंगल सीटर रेसगाड्या उभ्या केल्या. कोईमतूरच्या ट्रॅकला त्यांचंच नाव आहे. भारतातलं रेसिंग वाढलं ते असंच, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या सुट्या भागांवर. आजही या गाड्यांचा टाय रॉड किंवा व्हील बेअरिंग फोंड्यात सकाळी मागितलं तर दुपारपर्यंत हातात पडतं. हलक्या गाडीला टायर, पॅड, पेट्रोल सगळं कमी लागतं. आणि शक्ती कमी असल्यामुळे चालकाची चूक लपत नाही. वळणात घालवलेला वेग सरळ रस्त्यावर भरून काढता येत नाही.

पण गोव्यात जुनी गाडी घेताना इंजिन शेवटी ऐकायचं. आधी स्क्रू-ड्रायव्हर आणि लोहचुंबक घेऊन गाडीखाली जायचं. खारा वारा, तीन-चार महिन्यांचा धो धो पाऊस आणि चाकांनी उडवलेली ओली तांबडी माती ही तिन्ही मिळून पत्रा आतून खातात. वरचा रंग तुकतुकीत असतो, कारण पेंटिंगवाल्याने लांबी (पुट्टी) भरून तो तसा केलेला असतो. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे खाली पत्रा नाही, लांबी आहे. दरवाजाच्या पट्टीवर असेल तर एक वेळ चालेल. या पाच जागांवर मात्र चालणार नाही. बॉनेट उघडल्यावर दिसणारे पुढच्या शॉकअपचे दोन मनोरे, मागच्या शॉकअपच्या वरच्या टोकाची बैठक, चाकाला धरणारा लोअर आर्म जिथे बॉडीला जोडलेला असतो ती जागा, जॅक लावायच्या दोन्ही बाजूंच्या कडा, आणि सीट बेल्टचे बोल्ट. कार्पेट उचलून पायाखालचा पत्राही बघाच. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ठोकत जायचं. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला पुठ्ठ्यासारखा बद्द आवाज देतो, आणि एखाद्या जागी टोक सरळ आत जातं. शॉकअपच्या मनोऱ्यात टोक आत गेलं तर गाडी फुकट मिळाली तरी महाग. दुसरी बघा. जमलं तर घाटावरची, बेळगावकडची बघा.

इंजिनाबाबत थोडक्यात सांगतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) मोजून घ्या, सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे कळत नसेल तर टेन्शनर आणि वॉटर पंपासकट नवा घाला. इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग रबर हाताने हलवून बघा. चांगलं ऑइल वरच्या खुणेपर्यंत ठेवा, कारण तीव्र वळणात ऑइल चेंबरच्या एका बाजूला लोटलं जातं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. तेवढं पुरे. पहिल्या वर्षी इंजिनावर याहून एक रुपयाही जास्त घालू नका. सायलेन्सर बदलून आवाज वाढतो, वेळ कमी होत नाही.

पैसा घालायचा तो ब्रेकमध्ये, आणि त्यातही आधी ब्रेक ऑइलमध्ये. अडीच-तीनशे रुपयांची बाटली, पण गाडीतली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. टाकीच्या झाकणाच्या श्वासछिद्रातून शोषतं, रबरी नळ्यांच्या अंगातूनही. कोरड्या हवेच्या गावात हे सावकाश होतं. आपल्याकडे जुलै महिन्यात मिठाची बरणी उघडी ठेवली तर काय होतं ते घरोघरी ठाऊक आहे. ब्रेकच्या टाकीतही तेच होत असतं. डॉट-४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळायला नको, असा निकष आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या जवळ पाणी मिसळलं की हाच निकष १५५ अंशांवर येतो. वेग दुप्पट झाला की थांबवताना निर्माण होणारी उष्णता चौपट होते. बाजारात जाताना हे गमावलेले ७५ अंश कधी लागत नाहीत. ऑटोक्रॉसच्या चौथ्या वळणावर लागतात. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल मऊ होऊन थेट खाली जातं.

इथे एक फरक ओळखता यायला हवा. पेडल मऊ होऊन खाली गेलं तर ऑइल उकळलं किंवा नळीत हवा आहे. पेडल दगडासारखं घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून त्यांची पकड गेली. पहिल्याला नवं ऑइल, दुसऱ्याला चांगले पॅड. लोक पहिल्या दुखण्यावर दुसऱ्याचं औषध करतात आणि महागडे पॅड घालूनही भिंतीजवळ पोचतात.

ऑइल बदलायचं काम दोन माणसांचं, दोन तासांचं. लहान गाडीला ५०० मिलीच्या दोन बाटल्या आणा. पाऊस नसलेला दिवस निवडा आणि बाटलीचं सील आयत्या वेळी फोडा. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडांवर) घ्या, नुसत्या जॅकवर कधीच नाही. टाकीतलं काळपट ऑइल सिरिंजने ओढून काढा आणि नवं भरा. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुतेक मागचं डावं. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर पुस्तकाचं ऐका. चाकाच्या ब्रेकवर ऑइल आणि हवा काढायची निपल असते, तिच्यावर आधी रिंग पाना बसवा, मग पारदर्शक नळी चढवा, नळीचं दुसरं टोक काचेच्या बाटलीत थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा. आत बसलेला पेडल हळू दाबतो आणि "दाबलं" म्हणतो. खालचा पाना पाव फेरी सैल करतो, नळीतून तपकिरी धार येते, तो पाना घट्ट करतो आणि मगच "सोड" म्हणतो. हा क्रम उलटा झाला, निपल उघडी असताना पाय उचलला, की हवा आत ओढली गेली आणि पुन्हा पहिल्यापासून. धार मधासारख्या फिकट रंगाची येईपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत करत राहायचं. एका चाकाला दहा-पंधरा वेळा तरी. दर पाच वेळांनंतर टाकी बघा. ती रिकामी झाली तर पुन्हा हवा.

जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नका. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचं सील अर्ध्याच अंतरात फिरतं, पुढच्या भागात पाण्यामुळे गंजाचे खवले साचलेले असतात. तळापर्यंत दाबलं की सील त्या खवल्यांवरून जातं, फाटतं, आणि काल ठीक असलेले ब्रेक आज बसतात. पेडलखाली इंचभर जाडीचा लाकडाचा तुकडा ठेवला की हे टळतं. पाच मिनिटांची काळजी, आणि एक मास्टर सिलिंडर वाचतो. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, पुसू नका. पुसताना रंगच कापडाला येतो. उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी जपून ठेवण्यात अर्थ नाही, तिने तोवर पाणी प्यायलेलं असतं. आपल्या हवेत वर्षातून एकदा, पाऊस सरल्यावर आणि पहिल्या स्पर्धेच्या आधी, हे व्हायलाच हवं.

नवे पॅड घातले तर ते डिस्कवर बसवावे लागतात. मोकळ्या, बंद जागेत ताशी साठवरून दहापर्यंत आठ-दहा वेळा जोरात ब्रेक, पण पूर्ण थांबायचं नाही. मग पाच-सात मिनिटं ब्रेक न लावता सावकाश फिरवून थंड करायचं. फेरी संपवून आल्यावरही हाच नियम. हँडब्रेक ओढू नका, तापलेले लायनर ड्रमला चिकटून बसतात. चाकाला दगड लावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा.

टायर घेताना कडेवर DOT या अक्षरांनंतर शेवटी येणारे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक असूनही पाच-सहा वर्षांचा टायर लाकडासारखा होतो. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा तर आधीच. हवेचा अंदाज खडूने घ्यायचा. टायरच्या खांद्यापासून कडेपर्यंत तीन जागी खडूची उभी रेघ मारा आणि फेरी मारून या. रेघ कडेवर खालपर्यंत पुसली गेली असेल तर टायर वळणात कलंडतोय, दोन पीएसआय वाढवा. खांद्यावरही जशीच्या तशी असेल तर हवा जास्त आहे. डांबरावर बत्तीस-चौतीसपासून सुरुवात करा. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या या गाड्या वळणात नाक बाहेर काढतात. मागच्या टायरांत चार-पाच पीएसआय जास्त भरले की मागचा भाग मोकळा होतो आणि गाडी वळते. खर्च शून्य. तेच काम करायला लोक हजारोंचं सस्पेन्शन मागवतात.

जांभ्याचा मुरूम हे वेगळंच प्रकरण आहे. घट्ट थरावर वाटाण्याएवढे गोल खडे पसरलेले असतात आणि पहिल्या गाड्यांना त्या छर्‍यांवरून घसरत जावं लागतं. पाच-सात गाड्या गेल्या की मार्ग झाडून निघतो, खाली टणक तांबडी पाटी उघडी पडते आणि तिथे चांगली पकड मिळते. झाडलेले खडे मात्र वळणाच्या बाहेरच्या बाजूला ढिगाने साचतात. तिथे एक चाक गेलं की गाडी गेली. म्हणून स्पर्धेआधी मार्ग पायी चालायचा, आणि तीनदा चालायचा. पहिल्यांदा फक्त रस्ता पाठ करायला. दुसऱ्यांदा ब्रेकच्या जागा ठरवायला, त्याही चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून, कारण उभ्याने दिसणारा शंकू बसल्यावर दुसऱ्या शंकूमागे लपतो. तिसऱ्यांदा उलट्या दिशेने, म्हणजे प्रत्येक वळणातून बाहेर कुठे पडायचं ते दिसतं. चेंबर गार्ड, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइल चेंबरची ढाल, नसेल तर मुरमावर जाऊच नका. एक वर आलेला दगड चेंबर फोडतो, ऑइल सांडतं, आणि दिवा लागल्याचं लक्षात येईपर्यंत बेअरिंग गेलेले असतात.

आता अंगावरच्या गोष्टी. हेल्मेट मोटरसायकलचं वेगळं, मोटारीचं वेगळं. मोटारीसाठीच्या स्नेल एसए किंवा एफआयए (मोटरस्पोर्टचा जागतिक महासंघ) यांच्या मानकात अस्तर आगीत टिकतं का आणि रोल केजच्या, म्हणजे गाडी उलटली तर चालक वाचावा म्हणून आत बसवलेल्या पोलादी सांगाड्याच्या, नळीवर डोकं आदळलं तर काय होतं हेही तपासलेलं असतं. सुरुवातीच्या काही स्पर्धांत साधं फुलफेस चालतं, नियमावलीत बघा. पण विकत घ्यायचं तर एकदाच, योग्य मानकाचं, आणि कधीही वापरलेलं नको. कपडे सुती घाला. नायलॉन-पॉलिस्टर आगीत वितळून कातडीला चिकटतं.

रोल केजबद्दल जरा कडक बोलावं लागेल. ग्रिल-गेट करणाऱ्याकडून पाण्याच्या जीआय पाइपचा सांगाडा वळवून घेणं म्हणजे केज नव्हे. एफआयएच्या नियमात मुख्य कमानीला सीमलेस, थंड ओढलेली पोलादी नळी लागते, ४५ मिमी व्यासाची आणि अडीच मिमी जाडीची, किंवा ५० मिमी आणि दोन मिमी. पायाखाली किमान तीन मिमी जाडीचं, मुख्य कमानीसाठी १२० चौरस सेंटिमीटरचं पोलादी पान लागतं. आणि ते पान ज्या पत्र्यावर बसणार तो पुठ्ठा झालेला असेल, तर उलटताना केज पत्र्यातून खाली उतरते. म्हणूनच वर गंजावर इतकं लिहिलं. शिवाय केज घातलेली गाडी रस्त्यावर चालवू नये. हेल्मेट आणि हार्नेसशिवाय (खांद्यांवरून येणाऱ्या रेसिंगच्या पट्ट्यांशिवाय) बसलेल्याच्या डोक्याशेजारी पोलादी नळी असणं हाच अपघात आहे, आणि गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठीही आहे. त्यामुळे केज आली की टो-ट्रक आला, आणि खर्चाचं गणितच बदललं. पहिली दोन वर्षं केज सक्तीची नसलेल्या वर्गातच खेळा.

त्याऐवजी सीट नीट करा, तीही फुकट होते. पाठ पूर्ण टेकून हात सरळ केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. निम्मे लोक खुर्ची इतकी मागे आणि आडवी ठेवतात की वळणात स्टिअरिंगला लोंबकळून स्वतःला सावरतात. लोंबकळणाऱ्या हाताला पुढची चाकं काय सांगतायत ते कळत नाही.

स्पर्धेआधी आयोजक गाडी तपासतात. त्या तपासणीला जाण्याआधी गाडी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, मॅट, डिकीतला नारळ, दरवाजातली पाण्याची बाटली. ती बाटली पहिल्या वळणात निघून पेडलखाली जाते. बॅटरी हाताने हलता कामा नये, तिचं पॉझिटिव्ह टोक रबराने झाकलेलं असावं. दोन किलोचं आग विझवायचं सिलिंडर धातूच्या दोन पट्ट्यांनी घट्ट, पण बेल्ट लावलेल्या चालकाच्या हाताला लागेल असं. टो हुक पुढे आणि मागे. चाकाचे नट टॉर्क पान्याने. किती आवळायचे ते गाडीच्या पुस्तकात बघा. पान्यावर उभं राहून आवळले तर स्टड ताणले जातात, आणि ताणलेला स्टड तिसऱ्या-चौथ्या स्पर्धेत तुटतो. परवान्यासाठी एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाचे नियम वाचून ठेवा. कोणत्या स्पर्धेला कोणता परवाना चालतो ते प्रवेशअर्जाच्या पुरवणी नियमावलीत लिहिलेलं असतं. ती नियमावली शेवटच्या पानापर्यंत वाचणारे थोडेच असतात, आणि तपासणीच्या टेबलावरून परत पाठवले जाणारे बहुतेक बाकीचे असतात.

सर्किटची ओढ कमी होत नसेल तर गाडी घेऊन जाण्याऐवजी स्वतः जा. कोईमतूर आणि चेन्नईकडे सिंगल सीटर गाडीत दोन-तीन दिवस शिकवणारे वर्ग असतात. गाडी, टायर, मेस्त्री सगळं त्यांचं. तुमचं फक्त रेल्वेचं तिकीट आणि फी. स्वतःची गाडी एकदा ट्रकवर नेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि शिकायला जास्त मिळतं.

स्पर्धेहून परतल्यावरची संध्याकाळ बहुतेकांची फोटो पाहण्यात जाते. तेव्हाच गाडी धुवायला हवी. गोड्या पाण्याने, वरून कमी आणि खालून जास्त. तांबडी माती ओली धरून ठेवते, आणि मडगार्डच्या आतल्या कडेत बसलेला बोटभर गाळ पावसाळ्यापर्यंत तिथेच पत्रा खात राहतो. मागचे ड्रम उघडून आतली धूळ ओल्या फडक्याने काढा. फुंकू नका, ती छातीत जाते. ड्राइव्ह शाफ्टचे, म्हणजे पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांचे, रबरी बूट बोटाने वाकवून बघा. एका बारीक चिरेतून मुरूम आत गेला की जॉइंटचा दाणा खाल्ला जातो आणि वळताना टकटक सुरू होते. बूट दोनशे रुपयांचा, शाफ्ट हजारांत.

मे संपत आला की गाडी चार महिन्यांसाठी झोपवायची. कार्पेट बाहेर काढून ठेवा, टाकी भरून ठेवा, कार्ब्युरेटरची गाडी असेल तर वाटीतलं पेट्रोल काढून टाका, कारण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलही ओल ओढतं. बॅटरीची वायर सोडा, अर्थिंगचे बोल्ट घासून त्यांवर पेट्रोलियम जेली फासा. टायरांत पाच-सहा पीएसआय जास्त हवा भरा. हँडब्रेक सोडलेला असू द्या. आणि एक वही गाडीतच ठेवा. तारीख, जागा, जमीन कशी होती, पुढे किती हवा, मागे किती, ब्रेक ऑइल कधी बदललं, कोणता नट सैल सापडला. बॉलपेनाने लिहा, शाईचं पेन पावसाळ्यात पसरतं.